पिवळी पडलेली केआयची बाटली

बेळगावकडच्या खानापूर भागातल्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात नुकतीच लॅब सांभाळायला लागलेल्या ताईंचा प्रश्न असा: "पोटॅशियम आयोडाइडची, म्हणजे केआयची, २५० ग्रॅमची बाटली, अर्ध्याहून जास्त भरलेली, या पावसाळ्यात पिवळी पडली. झाकण उघडलं की दवाखान्यासारखा वास येतो. अटेंडर म्हणतो टाकून द्या, प्रिन्सिपल म्हणतात एवढी महाग वस्तू टाकायची नाही. मी काय करू? मुलांच्या हातात द्यायला धोका आहे का? आणि घरच्या मिठात आयोडीन आहे की नाही हे याच्यानं बघता येतं म्हणतात, ते खरं का?"

टाकू नका. पण सगळ्या कामांना वापरूही नका. कुठल्या कामाला चालेल आणि कुठल्या नाही, हे पाच मिनिटांत कळतं, त्याची रीत आधी सांगते.

एक ग्रॅमभर केआय घ्या. डिस्टिल्ड वॉटर उकळून, झाकून गार करा आणि त्यातल्या २० मिलीत ते विरघळवा. (उकळायचं ते पाण्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड घालवायला.) त्यात ताज्या स्टार्चचे चार-पाच थेंब टाका. इथंच निळं झालं तर मोकळं आयोडीन आहे; या नमुन्यापुरतं ते निळं पातळ हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) एकेका थेंबानं जेमतेम घालवा. मग, किंवा मुळात निळं झालंच नाही तर, पातळ सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांच्या आत निळं आलं तर बाटलीत आयोडेटही (आयोडाइडला ऑक्सिजन जोडून होणारं संयुग) झालंय. दोन मिनिटं कोरडी गेली तर आयोडेट नाही; आधीही निळं झालं नसेल तर माल चांगला. मात्र तो फ्लास्क तसाच ओट्यावर ठेवून चहाला गेलात आणि परत येऊन बघितलंत, तर चांगलं केआयसुद्धा निळं दिसेल. आम्लात आयोडाइडवर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतोच. म्हणून घड्याळ.

आता हे होतं कशामुळं ते बघा. केआय म्हणजे मिठासारखेच पांढरे चौकोनी स्फटिक, रचनासुद्धा मिठाचीच. वजनात मात्र भारी. घनता ३.१ च्या आसपास, त्यामुळं २५० ग्रॅमची बाटली हातात घेतली की एवढीशीच वाटते. रेणुभार १६६, आणि त्यातला ७६ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या आयोडीनचा. पाण्यात विरघळतं ते भुकेल्यासारखं: २० अंशाला १०० मिलीत १४० ग्रॅमच्या वर. विरघळताना उष्णता ओढून घेतं. जास्त प्रमाणात करत असाल तर बीकर बाहेरून गार लागतो, आपल्या हवेत बाहेर दव धरतं. मुलांना हे करून दाखवा. नुसतं "एंडोथर्मिक" म्हणून फळ्यावर लिहिण्यापेक्षा हाताला लागलेलं गार जास्त दिवस लक्षात राहतं.

याचा गुण आणि दोष एकच: आयोडाइड आपला इलेक्ट्रॉन फार घट्ट धरून ठेवत नाही. क्लोराइड धरतं, ब्रोमाइड बऱ्यापैकी धरतं, आयोडाइड मागेल त्याला देऊन मोकळं होतं. तांबं मागतं, डायक्रोमेट मागतं, ब्लीचिंग पावडर मागते, म्हणून लॅबमध्ये एवढी कामं होतात. आणि हवा मागते, म्हणून बाटली पिवळी पडते. दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मिळून थोडं थोडं आयोडीन सोडवतात, तो हा पिवळेपणा. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. आषाढात डब्यातला पापड मऊ पडतो, तिथं अर्धी रिकामी बाटली कशी टिकेल? उजेडानं हे आणखी लवकर होतं. आम्लाच्या वाफेनं तर फारच लवकर. माझी खात्री आहे की तुमच्याकडं ही बाटली हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिकच्या कपाटातच, नाहीतर शेजारी असणार. निम्म्या कॉलेजांत मी हेच बघितलंय. वर्णानुक्रमानं मांडलेलं कपाट दिसायला छान दिसतं, पण केमिकल्सना वर्णमाला कळत नाही.

पिवळ्या केआयचं काय करायचं? मोकळं आयोडीन तेवढं असेल, आयोडेट नसेल, तर गुणात्मक कामांना (जिथं किती ते मोजायचं नसतं, काय आहे एवढंच बघायचं असतं) ते सरळ वापरा. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये (अनोळखी क्षार ओळखताना) शिशाचा पिवळा साका, मर्क्युरीचा शेंदरी साका, पोटॅटो-स्टार्चसाठीचं आयोडीन द्रावण, जिवाणू रंगवायचं ग्रामचं (Gram) आयोडीन: या कुठल्याच ठिकाणी थोडं आयोडीन आधीच असलं म्हणून बिघडत नाही. आयोडीनचं द्रावण करायला तर पिवळी बाटली उत्तमच. तिथं आपण आयोडीनच घालणार आहोत. टायट्रेशनला (थेंबाथेंबानं द्रावण सोडून प्रमाण मोजायला) मात्र ही बाटली काढू नका. अगदीच दुसरी नसेल तर प्रत्येक बॅचला ब्लँक (नमुना न घालता केलेलं तेच टायट्रेशन) घ्या आणि वजा करा. हायपोचे दोन थेंब टाकून पिवळेपणा घालवतात, तेही करू नका. एक थेंब जास्त पडला की हायपो शिल्लक राहतो आणि उत्तर कमी येतं. आणि मुख्य म्हणजे आयोडेट त्यानं जात नाही. आम्ल पडलं की ते पुन्हा आयोडीन देतं.

हे ब्लँकचं मी एवढं का लावून धरते, ते सांगते. मी बेळगावात एका डिग्री कॉलेजची लॅब ३२ वर्षं सांभाळली. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जुलैमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा होती, कॉपर सल्फेटचं आयोडोमेट्रिक टायट्रेशन. माझं उत्तर १०.० मिली. पहिल्या बॅचमधली पोरं १०.६, १०.५, १०.६ लिहून आणायला लागली. मी त्यांनाच झाडलं, एंड पॉइंट (रंग उडतो तो थांबायचा क्षण) ओलांडताय म्हणून. एक मुलगी धीटपणे म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचाच सारखा कसा ओलांडेल?" मी नुसतं पाणी, ॲसेटिक आम्ल आणि तेच १० मिली केआय फ्लास्कमध्ये घेतलं, स्टार्च टाकला. गर्द निळं. हायपो ०.६ मिली गेला तेव्हा कुठं रंग उतरला. माझं स्वतःचं १०.० हे मे महिन्यात, आधीच्या चांगल्या बाटलीतल्या केआयवर काढलेलं होतं. परीक्षेसाठी अटेंडरनं उघडी पडलेली दुसरी बाटली काढली होती. मीच त्याला सांगितलं होतं, ती आधी संपव म्हणून. त्या दिवसापासून माझ्या लॅबमध्ये सकाळचा पहिला फ्लास्क ब्लँकचा.

आणि ब्लँक निळा आला की लगेच केआयला दोष देऊ नका, पाणीही बघा. आमचं डिस्टिलेशनचं यंत्र बंद पडलं होतं तेव्हा एका पोरानं कॅनमध्ये चक्क नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. नवी सीलबंद बाटली, तरी ब्लँक निळा. दोन बाटल्या बदलल्यावर पाण्याकडं लक्ष गेलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन केआयमधून आयोडीन सोडवतं, ते स्टार्चला निळं करतं. घोटाळा होता खरा, पण त्यातून मुलांना एक चांगला प्रयोग मिळाला. पेलाभर नळाचं पाणी, चिमूटभर केआय, ॲसेटिक आम्लाचे थेंब, स्टार्च. निळं झालं तर क्लोरीन पोचलंय. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की दुसऱ्या दिवशी गावातला कुणीही हे बघू शकतो. मोकळं क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी राहावं असा पिण्याच्या पाण्याचा निकष आहे. एवढ्या कमी पातळीला हा रंग फिका दिसतो, त्यामुळं "आहे की नाही" एवढ्यापुरताच त्याच्यावर विश्वास ठेवा, आकडा त्यातून काढू नका. आकडा काढायचा तो ब्लीचिंग पावडरीचा: पावडर पाण्यात खलून, त्यात केआय आणि ॲसेटिक आम्ल घालून हायपोनं टायट्रेट करायचं. दशांश नॉर्मल (०.१ नॉर्मल तीव्रतेच्या) हायपोचा एक मिली म्हणजे ३.५४६ मिलिग्रॅम क्लोरीन. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के निघतं. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातलं करून बघा, सरपंचांना दाखवण्यासारखा आकडा येतो.

कॉपरच्या टायट्रेशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पीयूतनं डिग्रीला गेलेली पोरं तिथंच अडखळतात, म्हणून थोडं. तांब्याच्या द्रावणात केआय पडलं की दोन गोष्टी एकदम होतात: क्युप्रस आयोडाइडचा पांढरट साका बसतो आणि आयोडीन सुटतं. दोन्ही एकत्र, म्हणून फ्लास्क गढूळ ताकात हळद घातल्यासारखा दिसतो. आता हायपो सोडायचा. स्टार्च लगेच टाकायचा नाही. आयोडीन भरपूर असताना टाकला तर ते स्टार्चमध्ये अडकून बसतं, सुटता सुटत नाही. रंग सुक्या गवतासारखा फिका झाला की मग स्टार्च. निळा उडाला की पोरं ब्युरेट बंद करतात आणि वहीत आकडा लिहितात. अर्ध्या मिनिटानं बघावं तर फ्लास्क परत निळा! कारण त्या पांढऱ्या साक्यानं थोडं आयोडीन अंगाला धरून ठेवलेलं असतं, ते हळूहळू सोडतो. म्हणून शेवट जवळ आला की पोटॅशियम किंवा अमोनियम थायोसायनेट टाकायचं. साका बदलतो, धरलेलं आयोडीन सुटतं, निळा एकदम गडद होतो, आणि मग एंड पॉइंट असा लख्ख येतो की मागं फिरत नाही. दशांश नॉर्मल हायपोच्या एका मिलीला ६.३५५ मिलिग्रॅम तांबं. उद्यमबागेतल्या कुठल्या कारखान्यात पुढं पितळ तपासायला लागलात तरी रीत हीच. फक्त लोखंड असेल तर ते आधी बांधून ठेवावं लागतं, कारण फेरिकही आयोडाइडमधून आयोडीन सोडवतं. ते बांधायला फ्लोराइड लागतं, आणि फ्लोराइड विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची वस्तू नाही.

केआय कमी टाकून वाचवू नका. एका फ्लास्कला ग्रॅम-दीड ग्रॅम जातं ते उधळपट्टी वाटते, पण जास्तीच्या आयोडाइडमुळंच सुटलेलं आयोडीन द्रावणात टिकतं, नाहीतर उडून जातं. महाग आहे हे खरं. आपल्याकडं आयोडीन फारसं निघत नाही. जगात सगळ्यात जास्त निघतं ते चिलीच्या वाळवंटातल्या क्षारांतून, त्याखालोखाल जपानच्या खाऱ्या भूजलातून. तिथून बोटीनं येऊन खानापूरला पोचेपर्यंत भाव चढणारच.

हायपोची उजळणी एका वाक्यात: लिटरला २४.८ ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी, चिमूटभर सोडियम कार्बोनेट, आणि दर आठवड्याला डायक्रोमेटवर स्टँडर्डायझेशन. डायक्रोमेट आणि केआय आम्लात मिसळलं की बूच लावून पाच-दहा मिनिटं अंधारात. कपाटात ठेवलं तरी पुरे.

आयोडीनचं द्रावण करताना होणारी चूकही इथंच सांगून टाकते, कारण ती दर वर्षी होते. आयोडीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लिटरला ०.३ ग्रॅम म्हणजे नाहीच म्हणा. केआय असेल तर ट्राय-आयोडाइड होऊन विरघळतं. पण केआयचं द्रावण दाट हवं. दशांश नॉर्मलसाठी १२.७ ग्रॅम आयोडीन आणि २० ग्रॅम केआय घ्या. पाणी फक्त २५-३० मिली. शेवटचा काळा कण विरघळेपर्यंत हलवा, धीर धरा, आणि मगच लिटरपर्यंत न्या. पोरं आधीच लिटर पाणी ओततात आणि मग दोन दिवस तळाशी काळे खडे बघत बसतात. आयोडीन उघड्या तराजूवर तोलू नका, वाफेनं तराजूच्या पट्ट्या खराब होतात. झाकणाच्या काचेच्या बाटलीत तोला. चमचा स्टीलचा नको, प्लॅस्टिकचा.

आता तुमचा मिठाचा प्रश्न. खरं आहे, बघता येतं, आणि त्यात एक गंमत आहे. पोरं पाकिटावर "आयोडाइज्ड" वाचून मिठावर स्टार्च टाकतात, काही होत नाही, आणि "कंपनी फसवते" म्हणून मोकळी होतात. आपल्या देशात मिठात घालतात ते पोटॅशियम आयोडेट, आयोडाइड नव्हे. आयोडाइड दमट हवेत टिकत नाही. तुमची बाटलीच त्याची साक्षीदार. आयोडेट जास्त टिकतं. आयोडेट स्टार्चला निळं करत नाही. त्याला आम्लात आयोडाइड भेटलं की दोघं मिळून आयोडीन सोडतात, आणि मग निळं. म्हणजे मिठातलं आयोडेट पकडायला तुमचं केआय लागतं. आणि इथं मात्र ते शुद्धच हवं, कारण केआयमधलंच आयोडेट मिठाच्या नावावर जमा होईल.

रीत: १० ग्रॅम मीठ ५० मिली पाण्यात. २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल १ मिली. १० टक्के केआय ५ मिली. बूच लावून १० मिनिटं अंधारात. मग ०.००५ नॉर्मल हायपोनं टायट्रेट करा. रंग अगदी फिका पिवळा झाला की स्टार्च. आलेल्या मिलीला १०.५८ नं गुणलं की मिठातलं आयोडीन पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग). कारखान्यातून निघताना ३० आणि घराघरात पोचताना किमान १५ पीपीएम असावं, असं प्रमाण आपल्याकडं धरलेलं आहे. आमच्या एका वर्षीच्या मुलींनी घरोघरचं मीठ पुडीत बांधून आणलं होतं. बंद पाकिटातल्या मिठाला २.७ मिली लागले, म्हणजे २८.६. त्याच मुलीच्या घरातलं, चुलीजवळच्या उघड्या वाडग्यातलं, ओलसर झालेलं मीठ आणायला लावलं, तर १.१ मिली, म्हणजे ११.६. रविवार पेठेतून आणलेल्या लोणच्याच्या खडेमिठाला पहिल्या थेंबातच रंग उडाला. ती मुलगी घरी गेली आणि तिनं आईचा वाडगा बदलून झाकणाची बरणी आणली, असं तिनंच नंतर सांगितलं.

गलगंडाचा आणि आयोडीनचा संबंध काही नवा नाही, जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरनं १८२० साली तो उपचार सुरू केला. भारतात सरकारचा गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ सालचा. डोंगराळ, भरपूर पावसाच्या भागात मातीतलं आयोडीन धुऊन जातं, हे भूगोलाच्या सरांनाही वर्गात सांगायला द्या.

बेळगावची म्हणून एक चाचणी. कुंद्यासाठी आणलेल्या खव्यात पीठ घातलंय का बघायचं तर खवा पाण्यात उकळा, गार करा, आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. गार करायला विसरू नका. गरम असताना निळा रंग उडालेला असतो आणि भेसळीचा खवा पास होतो. तपासलेला नमुना परत कढईत नाही, पोटात तर नाहीच.

धोक्याचं. केआय स्वतः तसं गरीब आहे. हाताला लागलं तर धुऊन टाका, डोळ्यात गेलं तर पाण्याची धार पंधरा मिनिटं. चिमूटभर तोंडात गेली म्हणून काही होत नाही, पण दिवसचे दिवस थोडं थोडं पोटात जात राहिलं तर थायरॉइडवर परिणाम होतो. तोंडाला धातूची चव, नाक गळणं, अंगावर पुटकुळ्या अशी लक्षणं दिसतात. गरोदर बाईनं किंवा थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यानं याच्या पुडीची धूळ नाकात जाऊ देऊ नये एवढं बघा. खरा धोका केआयचा नाही, त्याच्या संगतीचा आहे.

पहिली संगत, तीव्र सल्फ्युरिक आम्ल. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये जांभळा धूर यावा म्हणून पोरं घालतात. कुर्त्वानं १८११ साली समुद्री शेवाळाच्या राखेत हेच आम्ल टाकलं आणि जांभळी वाफ बघून आयोडीन सापडलं. पोरं तेच परत करतात, म्हणून मला हा प्रयोग आवडतो. पण कुर्त्वाइतकं नको, तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. जांभळ्या वाफेबरोबर सल्फर डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. खिडकी उघडी, तोंड लांब, टेस्ट ट्यूबचं तोंड भिंतीकडं.

दुसरी, अमोनिया. आयोडीनच्या उरल्यासुरल्या द्रावणात कधीही तीव्र अमोनिया ओतू नका, एकाच कचऱ्याच्या बाटलीत जमा करू नका. त्यातून होणारा काळसर साका सुकला की नुसत्या स्पर्शानं फुटतो. सॉल्ट ॲनालिसिसच्या दिवशी ओट्यावर दोन्ही असतात, म्हणून हे सांगते.

तिसरी, हायड्रोजन पेरॉक्साइड. सायन्स एक्झिबिशनला फेसाची "हत्तीची टूथपेस्ट" सगळ्यांना हवी असते. केआय तिथं फक्त कॅटॅलिस्ट. मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड वापरा, साबणाचा फेस त्यातही भरपूर येतो. ३० टक्क्यांचं कुणी आणून दिलं तरी घेऊ नका. हाताची कातडी पांढरी होते आणि फेसाबरोबर उकळती वाफ येते.

चौथी गोष्ट संगत नव्हे, नावातलं साम्य. आयोडाइड आणि आयोडेट या दोन बाटल्या एकाच कप्प्यात ठेवू नका. लेबल सारखं, स्फटिक सारखेच पांढरे. आयोडेट ऑक्सिडायझर आहे, त्याच्यापाशी कागद-कापूस नको. आमच्याकडं एकानं केआय समजून आयोडेटचं १० टक्के द्रावण करायला घेतलं आणि ते विरघळेना म्हणून तक्रार घेऊन आला, तेव्हा कळलं.

शिशाचा "सोनेरी पाऊस" सुंदर असतो: गरम पाण्यात विरघळलेलं लेड आयोडाइड गार होताना सोन्याच्या चकत्या होऊन खाली येतं. पण पीयूच्या पोरांना तुम्ही स्वतः एका टेस्ट ट्यूबमध्ये करून दाखवा, तीस जणांना देऊ नका. शिसं सिंकमध्ये जात नाही, बाटलीत साठवायचं. खानापूरकडं कित्येक कॉलेजांचं सांडपाणी मागच्या शेतात जातं, हे तुम्हीही जाणता. बाकी आयोडीनचा कचरा हायपो टाकून रंगहीन करायचा आणि भरपूर पाण्यानं सोडायचा. ओट्यावरचे, बोटांवरचे तपकिरी डाग हायपोनंच जातात.

कुणीतरी विचारणारच म्हणून: कैगाचं अणुवीज केंद्र इथून जवळ आहे, मग केआयच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का? माझ्या शेजारणीनं विचारलंय, तिचा भाऊ कारवारला असतो. त्या गोळ्या मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅमच्या असतात, त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन. रोजची आपली गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका गोळीत साडेसहाशे दिवसांचं. किरणोत्सारी आयोडीन हवेत सुटलं तर ते थायरॉइडमध्ये शिरू नये म्हणून ती आधी जागा भरून टाकते. दुसऱ्या कुठल्या किरणोत्सारापासून वाचवत नाही, दुसऱ्या अवयवाला नाही. प्रशासनानं सांगितलं तरच आणि तेव्हाच घ्यायची असते. लॅबमधल्या बाटलीतलं केआय तर कुठल्याच कारणानं पोटात घ्यायचं नाही, मग लेबलवर एआर (लॅबसाठीचं जास्त शुद्ध) लिहिलेलं असो की आणखी काही.

आता त्या बाटलीचं आजचं काम. वर सांगितलेली दोन मिनिटांची चाचणी करा. मग लेबलवर मार्करनं लिहा: "टायट्रेशनला नाही. गुणात्मक कामासाठी." मराठीत लिहा, खाली कन्नडमध्येही लिहून घ्या, कारण बाटली शेवटी अटेंडर काढतो. आमचा अटेंडर पिवळी बाटली दिसली की "केट्टैत्री मॅडम" (खराब झालंय मॅडम) म्हणून आणून द्यायचा, आणि दहांतल्या सहा वेळा ती नुसत्या आयोडीननं पिवळी झालेली असायची, सॉल्ट ॲनालिसिसचं अख्खं सत्र त्यावर निघायचं. पुढच्या इंडेंटमध्ये ५०० ग्रॅम मागवू नका, १०० ग्रॅमच्या बाटल्या मागवा. एक उघडी, बाकीच्या सीलबंद. तपकिरी बाटली, झाकण घट्ट, बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी, आत सिलिका जेलची पुडी. आम्लाच्या कपाटापासून आणि ब्लीचिंग पावडरीपासून दूर, खालच्या लाकडी कप्प्यात. लोखंडी कपाटात ठेवलंत तर दोन पावसाळ्यांत बिजागरी गंजेल. १० टक्के द्रावण लागेल तेवढंच, त्याच दिवशी करा. उघडल्याची तारीख झाकणावर.

आणि चाचणीत आम्लाचा थेंब पडल्यावर किती सेकंदांत निळं झालं ते कळवा. दहा सेकंदांच्या आत असेल तर त्यात आयोडेट बरंच आहे. मग ती टायट्रेशनच्या टेबलावर चुकूनही जाऊ नये म्हणून तिचं कपाटच वेगळं करा.